कॉलरवाली

मळणीयंत्रावरची ताडपत्री त्या वर्षी सुगीतही उतरली नाही. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. शेतं भेगाळून पडली होती आणि मळायला कुणाकडे काही नव्हतं. एरवी त्या दिवसांत मळणीवाल्याच्या दारात माणसं ताटकळत बसायची, आधी माझं, आधी माझं म्हणून त्याची मनधरणी करायची. अंगभर भुसा, डोळे लाल, डोक्याला फडकं बांधलेलं, असा तो गावातून रुबाबात चालायचा. आता तो ओट्यावर बसून ताडपत्रीकडे बघत राहायचा. रस्त्याने जाणारा कुणी "काय, यंदा आराम वाटतं!" म्हणाला, की तोही हसायचा. ते हसू घरात आलं की बायकोवर निघायचं.

बायको माळावरच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडायची, म्हणून तिथे तिला सगळे कॉलरवालीच म्हणत. कॉलर लावणं हे नवख्या हाताचं काम नव्हे. टोक जरासं हललं की सगळा शर्ट तोंड वाकडं करून बसतो. तिचा एकही शर्ट परत येत नसे. तिची नणंद, घरातली धाकटी, तिच्याच ओळीत थोडी पुढे बसून बाह्यांचे कफ शिवायची. धाकटीला बोलायला फार लागायचं. कारखान्याचा टेम्पो सकाळी पारापाशी थांबला की तिची बडबड सुरू व्हायची, ती मशीन चालू होईपर्यंत.

त्या सकाळी मात्र धाकटी गप्प होती. आदल्या संध्याकाळी वहिनी फक्त एवढंच म्हणाली होती, "अहो, यंत्राला गंज चढेल. एकदा पुसून तेलपाणी तरी करून ठेवा." मळणीवाल्याच्या हातात त्या वेळी पाना होता. पाना भिरभिरत आला आणि तिच्या भुवईवर बसला. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप उचललं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

टेम्पोत कॉलरवालीने ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. समोर इस्त्रीवाली मावशी बसली होती. केस पिकलेले, कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. ती बघून म्हणाली, "काय गं, चौकट लागली का?"

"हो, चौकटच."

"तुमच्या घराला चौकटी फार बाई," मावशी म्हणाली. बायका हसल्या. कॉलरवालीही हसली. हसताना भुवई ताणली गेली आणि डोळ्यात पाणी आलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शहरातून एक बाई आल्या. कारखान्याचे कपडे ज्या दूरदेशीच्या दुकानांत जात, त्या दुकानवाल्यांचा म्हणे आग्रह होता, की बायकांना त्रास होतो का हे कुणीतरी विचारावं. बाई चांगल्या होत्या. खुर्ची बाजूला सारून त्या बायकांत खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, शिवी दिली, तर सांगायचं. इथलंही सांगायचं आणि घरचंही. घरी मार खाऊन आलेल्या बाईला इथेही नीट काम होत नाही. हे सगळं ऐकायला तुमच्यातल्याच बायकांची एक समिती करू."

बायका फरशीकडे बघत राहिल्या. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "बाई, घरचं सांगायला बसलो तर जेवणाची सुट्टी पुरायची नाही. इथलं सांगायला बसलो तर जेवणच उरायचं नाही."

त्यावर हशा पिकला. बाईंनाही हसू आलं, पण त्यांची नजर कॉलरवालीच्या भुवईवर थांबली. "तुम्हाला काय लागलं?"

"चौकट लागली, बाई."

समितीत कोण असावं हे ठरवताना दारातून आवाज आला, "हिलाच घ्या की. शांत आहे, कामाची आहे." बोलणारा ओळीचा सुपरवायझर होता. बायकांनी त्याचं नाव सेंटवाला ठेवलं होतं. सुताच्या धुळीच्या आणि मशीनच्या तेलाच्या वासातून त्याचा सेंट आधी यायचा आणि मागून तो. वास आला की ओळीतल्या बायका पाठ ताठ करून खांदे आत घ्यायच्या. ते कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "मी आजवर हिचं तोंड उघडलेलं पाहिलं नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कॉलरवाली समितीत गेली.

पुढचे काही दिवस कुणी तिला काही सांगितलं नाही. मग एकदा पाण्याच्या नळापाशी धाकटीने तिचा हात धरला. धाकटीचा हात थंडगार होता.

"वहिनी, मला तुझ्या शेजारी बसवायला सांग ना."

"का? तिथे काय झालं?"

"तिथे उकडतं."

"उकडतं तर हात असा बर्फासारखा कसा?"

धाकटीने नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात ती बोलली. सेंटवाला तिला रिळं आणायला कापडाच्या गोदामात पाठवायचा आणि मागोमाग स्वतः यायचा. आधी खांद्यावर हात ठेवायचा. मग पाठीवर. काल त्याने दार लोटून घेतलं होतं. "मी गठ्ठ्यांच्या मागे सरकत गेले, वहिनी. मागे भिंत लागली." पुढचं तिने सांगितलं नाही, फक्त कुर्त्याचा गळा मुठीत आवळून धरला.

"मी बोलते," कॉलरवाली म्हणाली.

"नको! दादाच्या कानावर गेलं तर तो त्याला काही करणार नाही. मलाच चिरून टाकेल. तू फक्त माझी जागा बदलून घे."

कॉलरवालीने जागा बदलून मागितली. सेंटवाल्याने विचारलं, "का?" ती म्हणाली, "तिला उकडतं." तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. "उकडतं?" म्हणाला. आणि शीळ घालत पुढे गेला. त्याला कळायचं ते कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्या घरी आला. मोटरसायकल उभी केली, ओट्यावर बसला, सासूबाईंच्या पाया पडला. सगळ्या घरात सेंटचा वास भरला. मळणीवाल्याला म्हणाला, "दादा, तुमच्यासारख्या यंत्र जाणणाऱ्या माणसानं घरी बसायचं म्हणजे काय! आमचा टेम्पोवाला काम सोडून चाललाय. उद्यापासून या." धाकटी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून मागे वळली, तेव्हा तो म्हणाला, "तुमची बहीण गुणी आहे हो. बारीक लक्ष आहे माझं तिच्यावर."

मळणीवाल्याला भरून आलं. त्याने त्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

त्यानंतरचे दिवस घरात कधी नव्हते इतके चांगले गेले. खोटं कशाला बोला! सकाळी तो दाढी करून, खाकी शर्ट घालून, टेम्पोचा हॉर्न वाजवत पारापाशी उभा राहायचा. बायकोला पुढे शेजारी बसवून घ्यायचा. एकदा वळणावर एक म्हैस आडवी आली, तर खिडकीतून डोकं काढून तो तिला म्हणाला, "ताई, सरका जरा, बायकांना कामाला उशीर होतोय!" मागे सगळ्या खदखदून हसल्या. संध्याकाळी तो जेवला की आपलं ताट स्वतः उचलू लागला. एकदा तिच्या भुवईवरच्या खुणेवर त्याने अंगठा फिरवला. ती सुखावली. आणि सुखावली म्हणून तिला स्वतःची किळस आली, कारण तेव्हाच पलीकडे धाकटी ताटातलं अन्न चिवडत बसली होती.

धाकटी वाळत चालली होती. बडबड कधीच बंद झाली होती. कॉलरवाली तिच्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, उद्या बोलू. उद्या टेम्पोत नवरा शेजारी बसून गाणं गुणगुणायचा आणि बोलणं पुन्हा उद्यावर जायचं. तिने इस्त्रीवाल्या मावशीला विचारलं. मावशीने शर्टावर वाफ सोडली.

"मी तुझ्याएवढी असताना एकीनं तोंड उघडलं होतं," मावशी म्हणाली. "माणूस अजून आहे. वर चढलाय. ती कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही."

"मग काय करू?"

"मला विचारू नकोस. मी सांगेन ते तुला आवडायचं नाही, आणि मलाही आवडत नाही."

शेवटी ती ठरवून बोललीच नाही. आपोआप बोलून गेली. दुपारी मोठ्या ऑर्डरची घाई होती, मशीनं सुसाट चालली होती. सेंटवाला धाकटीच्या मागे येऊन उभा राहिला, शिलाई दाखवायच्या निमित्ताने तिच्यावर वाकला आणि त्याचा एक हात मशीनच्या खाली गेला. धाकटी दचकली. सुई तिच्या बोटातून आरपार गेली आणि तिथेच मोडली. ती ओरडलीसुद्धा नाही. पांढऱ्या कफवर रक्त पसरायला लागलं तशी ती आधी कापड बाजूला ओढू लागली, डाग पडू नये म्हणून.

ते बघून कॉलरवाली उठली. "हात काढ!" ती किंचाळली. "हात काढ तिच्या अंगावरचा!"

आपला एवढा मोठा आवाज तिने स्वतःदेखील कधी ऐकला नव्हता. एकेक करून मशीनं थांबली. सेंटवाला सरळ उभा राहिला, दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले आणि हसला.

मॅनेजरच्या खोलीत पंखा चालू होता. शहरातल्या बाई यायच्या होत्या पुढच्या महिन्यात. समितीतल्या बाकीच्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, चौकशीला बसल्यासारख्या नव्हे, चौकशी त्यांचीच असल्यासारख्या. कॉलरवालीने सगळं सांगितलं, नळापासून गोदामापर्यंत. सांगताना जीभ अडली नाही. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त ऑर्डर वेळेत हवी होती. तो म्हणाला, "मुलीला बोलवा."

धाकटी आली. बोटाला चिंधी गुंडाळलेली. तिच्या मागोमाग, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत, मळणीवाला दारात येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं हे विचारायची गरज नव्हती. सेंटवाला त्याच्या शेजारीच होता.

"बोल पोरी," मॅनेजर म्हणाला. "ह्यांनी तुला काही केलं?"

धाकटीने वर पाहिलं. आधी भावाच्या खाकी शर्टाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. किल्ली फिरायची थांबली होती.

"नाही, साहेब."

"गोदामात?"

"नाही. वहिनीचा काहीतरी गैरसमज झालाय."

कॉलरवालीला वाटलं, पायाखालची फरशी कुणीतरी हळूच काढून घेतली. सेंटवाला समजुतीने म्हणाला, "साहेब, हिच्या घरी रोजची भांडणं. बिचारीचं तोंड कधी सरळ नसतं, तुम्हीही बघताच. डोकं ठिकाणावर राहणार कसं?" मॅनेजरने दाराकडे बघून विचारलं, "काय हो, तुम्हीच सांगा. तुमची बायको कशी आहे?"

मळणीवाला क्षणभर गोंधळला. मग खाली बघून म्हणाला, "डोक्यानं जरा कमी आहे, साहेब. पोटासाठी पाठवतो."

त्या संध्याकाळी टेम्पोत तिला पुढे जागा नव्हती. घरी पोचल्यावर त्याने आधी दार लावलं. "माझ्या बहिणीची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिचं उजवं मनगट मोडलं तेव्हा वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकून मागे सरला. धाकटी मध्ये पडली होती, तिलाही बसले. सासूबाई आतून म्हणत होत्या, "अरे पुरे, शेजारी ऐकतील." शेजारी ऐकतच होते.

धाकटीचं काम सुटलं. महिना उलटायच्या आत तिचं लग्न झालं. पलीकडच्या गावचा, वीटभट्टीवर मुकादम असलेला माणूस. चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. ऑर्डर संपल्यावर टेम्पोचं कामही गेलं. सेंटवाल्याने दुसरा माणूस आणला होता. मळणीवाला पुन्हा ओट्यावर बसला. आता त्याला कुणी थट्टेने विचारायचंही बंद झालं होतं.

कॉलरवालीचं मनगट वाकडं जुळलं. चिमटीत टोक धरलं की हात थरथरायचा. कारखान्याने परत घेतलं, पण कॉलरवर नाही. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायला. ते काम नव्या पोरी करतात. तरी नाव कॉलरवालीच राहिलं. शहरातल्या बाई आल्या, समितीसोबत फोटो काढला. त्यांनी विचारलं, "हाताला काय झालं?" ती उत्तर द्यायच्या आत इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "चौकट, बाई." या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी बराच वेळ तिचा तो हात धरून ठेवला. मग त्यांची गाडी आली.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी धाकटी माहेरी आली. हातात पिशवी, एकटी. कारखान्याला सुट्टी होती, सगळे घरी होते. ओढणी बाजूला केली तर गळ्यावर निळी बोटं उमटलेली.

मळणीवाला ताडकन उठला. "कुणी केलं हे? त्यानं? माझ्या बहिणीवर हात टाकतो? हात उपटून देईन त्याच्या हातात!" तो खरंच रडायच्या बेतात होता.

धाकटी शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा, वहिनीला तांब्या नीट धरता येत नाही. बघितलंस का कधी?"

कॉलरवाली तिच्यासाठी पाणी घेऊन उभी होती, डाव्या हाताने. मळणीवाला ओट्यावर गेला आणि पाठ करून बसला. त्याची पाठ हलत होती. त्याला काय वाटत होतं ते त्यालाच ठाऊक. उठून आत मात्र तो आला नाही.

सासूबाईंनी धाकटीच्या गळ्याला हळद लावली. लावता लावता म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीने जा बाई. राहिलीस तर लोक बोलायला लागतील. मी नाही का काढले दिवस?" आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःबद्दल काही बोलल्या होत्या. बोलल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या.

सकाळी नणंद-भावजय पारापाशी उभ्या राहिल्या. इथेच धाकटीची गाडी थांबायची, इथेच कारखान्याचा टेम्पो. मोठी ऑर्डर आली होती. गेटवर येईल तिला कामावर घेत होते.

"वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मला तेव्हाच माहीत होतं."

"तू मला काही बोलली नाहीस."

"तुला काय बोलणार? मी तरी कुठे लगेच उठले होते."

गाडी आली, दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "चला ताई, चढा." धाकटीने एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे घेतला. गाडी निघून गेली. धूळ बसेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"कारखान्यात येते," धाकटी म्हणाली.

कॉलरवाली तिच्याकडे वळली. "अगं, तो अजून तिथेच आहे."

"असू दे. तो निदान संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो."

गेटवर सेंटवालाच माणसं निवडत होता. धाकटीला बघून त्याने भुवया उंचावल्या. "आलीस?" म्हणाला, आणि आत सोडलं. तिला भिंतीकडचं मशीन मिळालं. मशीन आणि शेजारची ओळ यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट होती. कॉलरवालीने दोरे कापायचं आपलं स्टूल उचललं, त्या वाटेत मधोमध ठेवलं आणि शर्टांचा ढीग मांडीवर घेऊन बसली.

जरा वेळाने वास आला. तिने मान वर केली नाही.

"वाटेत काय बसलीस? ऊठ."

"इथे उजेड बरा आहे." तिने पुढचा शर्ट उलगडला.

ओळीतल्या बायकांची मशीनं हळू झाली. भिंतीकडून धाकटीच्या मशीनचा आवाज मात्र तसाच येत होता, सरळ, एकसारखा. सेंटवाला तिथे उभा राहिला. त्याने एकदा स्टुलाला पायाने रेटून पाहिलं. स्टूल हललं, पण ती उठली नाही. मग तो हसला, खांदे उडवले आणि मागे वळला.

वास दूर गेला. कॉलरवालीने श्वास सोडला आणि मान वळवून पाहिलं. तो पलीकडच्या ओळीत शिरला होता. तिथे आजच कामाला लागलेली एक पोरगी खाली मान घालून खिसे शिवत होती. तिच्या दोन्ही बाजूंची वाट मोकळी होती.

कॉलरवालीकडे स्टूल एकच होतं. तिने दोरे कापायला सुरुवात केली. थोड्या वेळाने पलीकडच्या ओळीतलं एक मशीन मध्येच थांबलं, ते तिला पाठमोरं बसूनही ऐकू आलं.